वाचकांचे प्रश्न : शहीद द्वीपाला बोटीनं जाताना

या वेळी निवडलेली पत्रं एकाच बेटाबद्दलची आहेत. ते बेट म्हणजे अंदमानातलं शहीद द्वीप. बोटीवर आणि बाजारात त्याला अजूनही नीलच म्हणतात. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला आणि अंदमानला ‘शहीद’, निकोबारला ‘स्वराज’ अशी नावं दिली. पुढे २०१८ साली त्याच तारखेला नील बेटाचं नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं. पोर्ट ब्लेअर शहर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिकिटावर, पाट्यांवर आणि नकाशांवर जुनी-नवी दोन्ही नावं भेटतात, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा. खाली आम्ही सोयीसाठी शहराला पोर्ट ब्लेअरच म्हटलं आहे.

प्रश्न : आम्ही लातूरचे पाच जण. घरातून निघून घरी परत येईपर्यंत सहा दिवस आहेत. सेल्युलर जेल, स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि बाराटांग एवढं बसवायचं आहे. कसं आखावं?

एवढं बसत नाही. बसवलंत तर सगळा वेळ जेटीवर रांगेत जाईल. सहा दिवसांत एकच बेट घ्या. शांतता हवी असेल तर ते शहीद द्वीप असावं.

पहिल्या दिवशी दुपारी लातूर सोडा. बीदर-जहीराबादमार्गे हैदराबादला रात्री मुक्काम करा. नांदेड, परभणी, जालन्याच्या वाचकांना देवगिरी एक्स्प्रेस सोयीची पडते. मात्र सिकंदराबाद स्टेशनापासून शमशाबादचं विमानतळ तीस किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि वाटेत सकाळची गर्दी असते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. दुसऱ्या दिवशी विमानानं पोर्ट ब्लेअर गाठा आणि संध्याकाळी सेल्युलर जेल पाहा. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीनं शहीद द्वीप. चौथा दिवस पूर्ण बेटावर. पाचव्या दिवशी बोटीनं परत येऊन पोर्ट ब्लेअरलाच मुक्काम करा आणि सहाव्या दिवशी विमान पकडा.

त्या पाचव्या रात्रीला हात लावू नका. ‘सकाळची बोट, दुपारचं विमान’ अशी सांगड कागदावर छान जमते, पण वारा वाढला की बोट रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन हंगामात, खराब हवामानामुळे शेकडो पर्यटक स्वराज आणि शहीद या दोन बेटांवर अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. दरवर्षी असं होत नाही, पण बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरला वादळं उठतात. तारखा हातात असतील तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च हा काळ सगळ्यांत भरवशाचा. मेच्या मध्यापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस लागतो. तेव्हा लहान मुलांना, वयस्करांना घेऊन जाऊ नये.

चेन्नई आणि कोलकात्याहून प्रवासी जहाजंही जातात. त्यांना सुमारे तीन दिवस लागतात आणि फेऱ्या मोजक्या असतात. ज्यांच्याकडे पंधरा दिवस आहेत त्यांनीच तो विचार करावा.

प्रश्न : सरकारी बोट घ्यावी की खासगी? तिकीट कधी काढावं? (परभणी)

खासगी बोटी म्हणजे दोन सांगाड्यांच्या वेगवान कॅटामरान. बहुतेक बंद आणि वातानुकूलित असतात, काहींना उघडा डेक असतो. पोर्ट ब्लेअरहून शहीद द्वीपाला त्या तास-दीड तासात पोहोचतात. सरकारी बोटीला दोन तास किंवा थोडे जास्त लागतात. भाडं मात्र खासगीच्या मानानं फारच कमी असतं.

सरकारी बोट ही तिथल्या माणसांची एस.टी. आहे. शाळेचा मुलगा, बाळंतपणासाठी शहरात निघालेली बाई, बाजारात जाणारी भाजी, सगळं तिच्यातूनच जातं. त्यामुळे स्थानिकांना तिकिटात अग्रक्रम असतो, आणि तो असलाच पाहिजे. पर्यटकांना उरलेल्या जागा मिळतात, त्याही साधारण दोन-चार दिवस आधी खुल्या होतात. हंगामात ‘तिथं जाऊन बघू’ म्हणणाऱ्याला जागा मिळण्याची खात्री नसते. म्हणून जाताना खासगी बोटीचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवा. येताना हाताशी वेळ असेल, तब्येत ठीक असेल, तर सरकारी बोटीचा प्रयत्न करा. उघड्या डेकवरून दिसणारा समुद्र बंद काचेतून दिसत नाही.

तिकीट हातात आलं की तीन गोष्टी तपासा. पहिली, जेटीचं नाव. पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बे आणि हॅडो या दोन वेगळ्या जेट्या आहेत. रिक्षावाल्याला नुसतं ‘बोटीला’ सांगितलं की चुकीच्या फाटकावर उतरण्याची वेळ येते. दुसरी, नाव आणि वय. ते ओळखपत्राशी तंतोतंत जुळलं पाहिजे, आणि मूळ ओळखपत्र जवळ पाहिजे, मोबाइलमधला फोटो नाही. तिसरी, सामानाच्या वजनाची मर्यादा. बोट सुटण्याआधी तासभर जेटीवर हजर राहा. सामान यंत्रातून तपासलं जातं, त्याला चिठ्ठी लागते, मग आत सोडतात. सुटण्याच्या बरंच आधी फाटक बंद होतं आणि मग विनवण्या करून उपयोग होत नाही.

मोठ्या चाकांच्या बॅगांपेक्षा पाठीवरच्या दोन सॅक बऱ्या. पैसे, औषधं, ओळखपत्रं आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून अंगावर ठेवा, कारण मोठं सामान वेगळं रचतात आणि मध्येच काढता येत नाही.

प्रश्न : मला एस.टी.त घाट लागला की उलट्या होतात. बोटीत काय होईल? (अंबाजोगाई)

ज्याला गाडी लागते त्याला बोटही लागू शकते, कारण एकच आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग ‘आपण हलतोय’ असं सांगतो आणि बंद केबिनमध्ये समोरची खुर्ची पाहणारे डोळे ‘आपण स्थिर आहोत’ असं सांगतात. मेंदूला हा विसंवाद सोसत नाही आणि पोट ढवळतं. म्हणूनच मोबाइलमध्ये मान घालून बसलेला माणूस सगळ्यांत आधी पिशवी मागतो.

उपाय जागेपासून सुरू होतात. बोटीचं नाक सर्वांत जास्त वर-खाली होतं. मधला आणि थोडा मागचा भाग, तोही खालच्या मजल्यावर, कमी हलतो. तिकीट काढतानाच तिथली खिडकीची जागा निवडा आणि नजर लांब, पाणी आणि आकाश मिळतं त्या रेषेवर ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा ईशान्येकडून येतो आणि शहीद द्वीप पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला आहे. त्यामुळे जाताना लाटा बहुधा समोरून येतात आणि बोट आपटत जाते. येताना त्या मागून येतात, त्रास कमी होतो. सकाळचा समुद्र सहसा दुपारपेक्षा शांत असतो.

रिकाम्या पोटी बसू नका आणि भरल्या पोटीही नको. निघण्याआधी तास-दीड तास दोन इडल्या किंवा पोळीचा कोरडा तुकडा पुरतो. तेलकट पुरी, वडा आणि वर दोन कप चहा हे टाळा. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक चघळल्यानं काहींना बरं वाटतं.

गोळी घ्यायची असेल तर बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीतच पडते. प्रोमेथॅझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही नेहमीची औषधं आहेत. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, गर्भारपण किंवा झोपेची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथॅझिन अजिबात देऊ नये. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून बेटावर उतरल्या उतरल्या भाड्याची स्कूटर चालवायला घेऊ नका.

प्रश्न : बेटावरचा ‘नैसर्गिक पूल’, म्हणजे खडकाची कमान, ओहोटीलाच दिसतो म्हणतात. ओहोटी कधी, हे इथं बसून कसं कळणार? कोकणातल्या नातेवाइकांचा तिथीवरून वेळ काढायचा हिशोब तिथं चालेल का? (निवृत्त शिक्षक, उदगीर)

तिथीला तीननं गुणून चारनं भागायचं आणि भरतीची वेळ काढायची, हा हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे. भरतीची वेळ किनाऱ्याच्या आकारावर आणि समुद्राच्या खोलीवर अवलंबून असते, म्हणून तो अंदमानात जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यातला चंद्राचा भाग सगळीकडे खरा आहे आणि तोच तुम्हाला उपयोगी पडेल.

दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. दोन ओहोट्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणजे रोज वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी १० वाजता पाणी तळाला गेलं तर उद्या १०:५० च्या आसपास, परवा ११:४० च्या आसपास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अंदमानात त्या दिवसांत चढ-उताराचा फरक साधारण दोन मीटर असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. म्हणून पंचांग उघडा आणि अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस बेटावर सापडतील असा बेत करा. नेमकी वेळ पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. मुंबईचा तक्ता इथं चालत नाही. बेटावर मुक्कामाच्या ठिकाणी विचारलंत तरी सांगतात.

हा पूल लक्ष्मणपूरच्या बाजूला आहे. बंगाली वस्तीतले लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात. पाणी तळाला जाण्याच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. वाट मेलेल्या प्रवाळाच्या खडकांवरून, शेवाळावरून आणि डबक्यांमधून जाते. रबरी चपला निसटतात. मागं पट्टा असलेली, पकड असलेली पादत्राणं घाला. डबक्यांत समुद्रकाकड्या, खेकडे, लहान मासे असतात. बघा, पण उचलू नका, उलटू नका. पाय ठेवताना जिवंत प्रवाळ टाळा. बोटाएवढी वाढ व्हायला त्याला वर्षं लागतात. २०१० साली समुद्र तापून अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं, त्यामुळे जे उरलं आहे त्यावर पाय पडता कामा नये.

आणखी एक हिशोब तुम्हाला आवडेल. शहीद द्वीप सुमारे ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि उदगीर ७७ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तिथं सूर्य तासभर आधी येतो, घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात साडेपाचला उजाडतं, पाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि साडेपाचला अंधार. नऊला आंघोळ करून निघणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. सीतापूरच्या किनाऱ्यावर सूर्योदय, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. ओहोटीची वेळ संध्याकाळी साडेचारची निघाली तर पुलाकडे जाऊ नका, परतताना अंधारात खडक दिसत नाहीत.

प्रश्न : आईचं वय ७४, गुडघे दुखतात. तिला बोटीत चढता येईल का? (जालना)

येईल, पण बोटीच्या निवडीवर बरंच अवलंबून आहे. जेटी आणि बोट यांच्यामध्ये फळी किंवा लोखंडी साकव टाकतात. जेटी जागची हलत नाही आणि बोट पाण्याबरोबर वर-खाली होते, त्यामुळे साकवाचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. सकाळी सपाट वाटलेली वाट दुपारी उभी झालेली असते. खलाशी हात देतात. आईंच्या दोन्ही हातांत काही नको, चपला पट्ट्याच्या हव्यात, साडी असेल तर थोडी वर खोचलेली बरी. पुढे एकजण आणि मागे एकजण अशी माणसं ठेवा. सर्वांत आधी चढण्याची घाई करू नका, गर्दी सरली की शांतपणे जा. सरकारी बोटीत आतले जिने उभे असतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन्ही वेळा खासगी बोट घ्या आणि खालच्या मजल्यावरची जागा मागा. बेटावर भरतपूरचा किनारा जेटीला लागूनच आहे, तिथं त्यांना चालावं लागणार नाही.

प्रश्न : मी विहिरीत पोहायला शिकलो. समुद्रात स्नॉर्केलिंग (मुखवटा लावून, तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) जमेल का? स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारणं) करावं का? (कळंब)

खाऱ्या पाण्यात शरीर जास्त तरंगतं, त्यामुळे विहिरीपेक्षा कष्ट कमी लागतात. पण विहिरीला चार हातांवर काठ असतो आणि पाणी जागचं हलत नाही. समुद्रात प्रवाह असतो. मान खाली घालून मासे बघता बघता माणूस कुठल्या कुठे जातो. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला, सोबत माणूस ठेवा, आणि जिथं जीवरक्षक आहे, जिथं उतरायला परवानगीचा फलक आहे तिथंच उतरा. अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी राहतात. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका, अंधार पडल्यावर तर कुठंच नाही.

मुखवटा नीट बसतो का, ते पट्टा न लावता बघा. चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर बरोबर. मिशा असतील तर वरच्या ओठाजवळून पाणी झिरपतं. तिथं थोडं व्हॅसलीन लावलं की गळती कमी होते. चष्मा आत मावत नाही, नंबरचा मुखवटा मिळतो का ते आधी विचारा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळतात. तो जुना आणि खात्रीचा उपाय आहे. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तोंडानं श्वास घेण्याची दहा मिनिटं सवय करा. घाबरून नाकानं श्वास घ्यायला जाणं, हीच नवख्याची मुख्य अडचण असते. पाण्यात उतरायचंच नसेल तर भरतपूरला काचेच्या तळाच्या होड्या आहेत.

स्कूबाआधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात, तो खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाच्या पडद्याचा त्रास किंवा त्या दिवशीची सर्दी लपवली तर पाण्याखाली जिवावर बेतू शकतं. स्कूबानंतर किमान १८ तास विमानात बसू नये. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे होऊन बाहेर येतो. वर सांगितलेली पोर्ट ब्लेअरची रात्र इथंही उपयोगी पडते.

प्रश्न : शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे आणता येतील का? (धाराशिव)

नाही. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासताना ते सापडतं. मुलांच्या खिशातली शिंपलीसुद्धा बेट सोडण्याआधी वाळूत परत ठेवायला लावा. रिकाम्या शंखात संन्यासी खेकडा घर करतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. जेवणाचं काय? मोबाइल, पैसे चालतील का? (हिंगोली)

जेवणाची चिंता नको. बेटावर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांच्या वस्त्या आहेत. सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर अशी गावांची नावं आहेत, आणि पोर्ट ब्लेअरला भाजीपाला पुरवणारं बेट म्हणून त्याची ओळख आहे. डाळ-भात-भाजी सगळीकडे मिळते. भाजीत मासा नको, हे मागवतानाच स्पष्ट सांगा.

घरून फराळ नेणार असाल तर एक लक्षात घ्या. आपल्या कोरड्या हवेत धपाटे दोन-तीन दिवस टिकतात, तिथल्या दमट हवेत दुसऱ्याच दिवशी बुरशी धरू शकते. दुधातल्या दशम्या तर प्रवासातच संपवा. चिवडा डबा उघडला की सादळतो, म्हणून लहान लहान पाकिटं करा. शेंगदाण्याची कोरडी चटणी उत्तम टिकते. घाम वाळत नसल्यामुळे थकवा लवकर येतो, तेव्हा तहान नसली तरी पाणी पीत राहा.

चेन्नईहून समुद्राखालची इंटरनेटची केबल २०२० साली अंदमानात पोहोचली, पण ती थेट ज्या बेटांना जोडली आहे त्यांत शहीद द्वीप नाही. मोबाइलवरून पैसे कधी जातात, कधी फिरत राहतात. तीन-चार दिवसांचा खर्च रोख न्या, त्यात शंभर-दोनशेच्या नोटा जास्त ठेवा. तिकिटं आणि आरक्षणं कागदावर छापून घ्या.

पाणी जपून वापरा. पाऊस भरपूर पडतो, पण लहान बेटाला नदी नाही, धरण नाही. उन्हाळ्याकडे विहिरी खाली जातात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं त्या लातूरकरांना एका बादलीत आंघोळ कशी करायची हे शिकवायला नको. तिथं तेच करा. कचराही शक्य तेवढा परत आणा, कारण तिथून तो हलवायचा म्हणजे बोटीनंच.

प्रश्न : बेटावर असताना बोट रद्द झाली तर नेमकं काय करायचं? (बीड)

आधी खोली सोडू नका. एकानं खोलीवर थांबावं, एकानं ओळखपत्रं आणि तिकिटं घेऊन जेटीवरच्या खिडकीवर जावं. खासगी बोट कंपनीनं रद्द केली असेल तर पुढची बोट किंवा परतावा मिळतो, त्यासाठी रद्द झाल्याचा संदेश जपून ठेवा. त्याच वेळी सरकारी बोटीच्या पुढच्या फेरीची चौकशी करा आणि यादी असेल तर नाव लावा. विमान चुकणार असं दिसलं तर विमान सुटण्याआधीच कंपनीला कळवा. न कळवता गैरहजर राहिलात तर तिकीट बहुतेक वेळा पूर्ण बुडतं. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांच्या जास्त नेलेल्या असाव्यात. इन्सुलिन असेल तर थंड ठेवण्याची सोय पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

लहान होडीवाला ‘मी सोडतो’ म्हणाला तरी बसू नका. मोठी बोट ज्या लाटांमुळे थांबली त्या होडीला सोसणार नाहीत. हवामान निवळलं की पहिल्या फेरीत रुग्ण, गर्भवती बायका आणि तातडीचं काम असलेले बेटवासी आधी जातात. रांगेत त्यांना वाट द्या आणि दुसऱ्या फेरीसाठी खिडकीजवळच थांबा, कारण पुढच्या फेरीची वेळ तिथंच आधी कळते.